कपडे कमी धुवून जास्त टिकवायचे असतील तर घरात काय काय बदलायचं

हा लेख त्यांच्यासाठी ज्यांच्या अंगावर घरच्या कपड्यांची जबाबदारी नव्याने पडलीये, किंवा पडून बरीच वर्षं झालीत पण रोजचा ढीग काही कमी होत नाही आणि कपडे मात्र लवकर विटतात, विरतात, आटतात. यावर सल्ला शोधायला गेलं की एकतर 'अमुक पावडर घ्या' असं सापडतं नाहीतर 'साबण घरीच बनवा' असं, आणि दोन्हीने फार काही बदलत नाही हे मी करून बघितलंय. खरा निर्णय होतो कपडा अंगातून काढल्यावर लगेच. तो कुठे टाकला जातो यावर ठरतं की धुतला जाणार की नाही, कारण धुण्याच्या टोपलीत एकदा पडलेला कपडा परत कोणी बाहेर काढत नाही, मग तो चांगला स्वच्छ का असेना. म्हणून पावडर आणि मशीनच्या आधी खुंटीबद्दल बोलणार आहे, थोडा धीर धरा.

आणि हे करायचं कशाला, तर प्रत्येक धुण्यात कपडा घासला जातो. मशीनच्या फिल्टरमध्ये जो भुसा जमतो तो म्हणजे तुमच्याच कपड्यांचा झिजून गेलेला भाग. पाणी, वीज, साबण वाचतो ते वेगळंच.

आधी हे सामान जमवा

नवीन घ्यावं लागेल असं यात फारसं काही नाही, पण एका जागी हवं:

- प्रत्येक माणसामागे दोन-तीन खुंट्या किंवा एक छोटी दांडी
- टोपल्या दोन, जमल्या तर तीन
- कपड्यांचा मऊ ब्रश आणि एक जुना टूथब्रश
- पावडर मोजायला खुणा असलेला कप (अंदाजपंचे मूठ नको)
- चेन असलेली जाळीची पिशवी, नाजूक कपड्यांसाठी
- ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं ते
- भांडी घासायचं साधं लिक्विड, तेलकट डागांसाठी
- सुई, चार-पाच रंगांचे दोरे, छोटी कात्री, सेफ्टी पिना, आणि सुटी बटणं ठेवायला डबी

१. पहिला आठवडा काहीच बदलू नका, नुसतं बघा

मशीन लावायच्या आधी टोपली जमिनीवर उपडी करा आणि तीन ढीग पाडा: खरंच मळलेले किंवा डाग पडलेले, घामट वास येणारे, आणि एकदा दोन-चार तास घातले म्हणून आलेले. तिसरा ढीग बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. त्यात कोणाचे कपडे जास्त आहेत तेही बघून ठेवा, पण लगेच जाऊन भांडू नका, कारण त्या माणसाकडे दुसरी जागाच नसते. कपाटात ठेवावा तर घातलेला कपडा धुतलेल्यांत मिसळतो, खुर्चीवर टाकावा तर कोणीतरी ओरडतं, मग उरली टोपली.

शिवाय टोपलीत टाकणारा एक आणि धुणारा दुसरा असं असेल तर टाकणाऱ्याला त्याची किंमत कळतच नाही. माझं मत असं की ज्याला त्याला आपापले कपडे धुवायला लावणं हा काही फार चांगला उपाय नाही, त्यात मशीन अर्धं रिकामं फिरतं आणि पाणी-वीज उलट जास्त जाते. धुणं एकत्रच असू दे, पण 'हा धुवायचाय का' हे ठरवायचं काम मात्र ज्याचा कपडा त्याचं.

२. एकदा घातलेल्या कपड्यांना हक्काची जागा द्या

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, आणि हीच लोक गाळतात कारण यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

खुंट्या अशा ठिकाणी लावा जिथे माणूस कपडे बदलतो, कपाटाच्या आत नाही. बाहेर, हवा लागेल अशा. टोपलीपेक्षा खुंटी जवळ पाहिजे, हे अगदी शब्दशः घ्या, टोपली दोन पावलं लांब सरकवली तरी सवय बदलते. कपडा काढला की झटकायचा, काखेत आणि कॉलरला वास घ्यायचा, डाग आहे का बघायचं, ब्रश फिरवायचा आणि टांगायचा. रात्रभर हवेत राहिला की साधा दिवसभराचा वास बराचसा उडून जातो.

कुठला कपडा कधी, याचा ढोबळ हिशोब असा:

- आतले कपडे, मोजे, व्यायामाचे कपडे: दरवेळी धुवायचे, यात काटकसर नको.
- अंगाला चिकटून बसणारे टीशर्ट-शर्ट: घाम किती आला त्यावर. उकाड्यात एकदा घालून धुवा, गार हवेत दोनदा घालून.
- जीन्स, जाड पँट, स्वेटर, जॅकेट: बरेच वेळा चालतात, मळ दिसला किंवा वास आला की धुवा.
- टॉवेल: वापरून झाल्यावर पसरून पूर्ण वाळत असेल तर तीन-चार वेळा वापरून मग धुवा. गोळा करून ठेवत असाल तर मग नियम विसरा, तो दुसऱ्याच दिवशी कुबट होणार.

कपडा कशाचा आहे हेही बघावं लागतं. पॉलिएस्टरला अंगातलं तेल धरून ठेवायची सवय असते आणि वास करणारे जिवाणू त्यावर चांगले वाढतात, म्हणून तोच माणूस तेवढाच वेळ सुती किंवा लोकरीच्या कपड्यात फिरला तर वास कमी येतो. 'कमी धुवायचं' ठरवून जर सगळं कपाट पॉलिएस्टरचं असेल तर घरातले तक्रार करणारच, आणि त्यांचं बरोबर असेल.

जीन्सबद्दल एक गोष्ट बरीच फिरते. २०१४ मध्ये लिव्हाइसचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की अंगातली जीन्स वर्षभर धुतलेली नाही, आणि ते जगभर गाजलं. डाग पडला तर तेवढाच भाग साफ करायचा आणि मशीन टाळायचं असा त्यांचा मुद्दा होता, तो ठीकच आहे. पण त्याच सुमाराला जीन्स फ्रीजरमध्ये ठेवली की जंतू मरतात असंही पसरलं, ते सोडून द्या. थंडीत अंगावरचे जिवाणू बहुतेक मरत नाहीत, झोपून राहतात, कपडा अंगात घातला की परत कामाला लागतात.

फसायची जागा: खुंटीवर ढीग होणे. जागा मुद्दाम मोजकी ठेवा. खुंट्या भरल्या की त्यातला काहीतरी एकतर घालायचा नाहीतर धुवायचा. आणि ओलसर कपडा खुंटीवर कधीच नाही.

३. लेबलवरची चित्रं एकदाच नीट शिकून घ्या

पाच आकार आहेत, बास. पाण्याचा टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्री म्हणजे इस्त्री, आणि नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्यासाठीची सूचना. फुली मारली असेल तर ते करू नका. टबखाली एक रेघ म्हणजे हळू फिरवा, दोन रेघा म्हणजे अगदीच हळू, टबात हात म्हणजे हातानेच. चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर. त्रिकोणात दोन तिरप्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजन ब्लीच चालतं, क्लोरीनवालं नाही.

आता महत्त्वाचं. टबात ४० लिहिलंय म्हणजे ४० अंशावर धुवाच असं नाही, ती वरची मर्यादा आहे. त्याहून गार पाण्यात खुशाल धुवा. हे माहीत नसल्यामुळे किती घरांत आकडा बघून पाणी तापवलं जातं देव जाणे.

४. डाग दिसला की त्याच दिवशी, आणि तेवढाच

सगळा शर्ट चांगला असतो आणि कफवर एक ठिपका असतो, त्यासाठी अख्खा शर्ट धुणं म्हणजे उगाच. पण डागाला थांबवूनही उपयोग नाही, जुना झाला की तो धाग्यात बसतो.

तेलकट डागाला भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाने हलकं चोळा, थोडं थांबा, कोमट पाण्याने धुवा. रक्त, दूध, अंडं असलं काही असेल तर गार पाणीच, गरम पाण्याने त्यातलं प्रोटीन शिजून घट्ट बसतं आणि मग निघता निघत नाही. चहा-कॉफीचा डाग ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात भिजवला की बहुतेक वेळा जातो. काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो, घाम थांबवणाऱ्या डिओमधलं ॲल्युमिनियम आणि घाम मिळून तो तयार होतो, त्यालाही ऑक्सिजन ब्लीचमध्येच भिजवा, क्लोरीन ब्लीच टाकलंत तर पिवळा अजून गडद होऊ शकतो.

काहीही लावायच्या आधी आतल्या शिवणीवर लावून, पांढऱ्या ओल्या फडक्याने दाबून बघा रंग जातोय का. डाग बाहेरून आत चोळायचा, आतून बाहेर चोळला तर पसरतो. आणि डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री किंवा ड्रायर नाही.

५. धुणं: चार गोष्टींचा हिशोब

हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली जी आजही धुलाईच्या धंद्यात शिकवतात. मळ निघतो चार गोष्टींनी: साबण, उष्णता, वेळ आणि घासणं. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. हे डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम पाठ करायची गरज नाही, कुठलाही प्रश्न आला की या चारांतलं काय कमी करतोय आणि काय वाढवतोय एवढं बघायचं.

आपल्याला कमी काय करायचंय? उष्णता, कारण मशीन गरम पाण्यावर चाललं की बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, ड्रम फिरवायला त्यामानाने थोडीच लागते. आणि घासणं, कारण कपडा त्यानेच झिजतो. मग वाढवायचं काय? वेळ. वेळ फुकट आहे. म्हणूनच मशीनचा इको प्रोग्राम लांबलचक असतो आणि तरी वीज कमी खातो, लोकांना वाटतं जास्त वेळ म्हणजे जास्त वीज, तसं नाहीये. हाताने धुणाऱ्यांनीही हेच करायचं, अर्धा तास भिजत ठेवा आणि ब्रशने खसाखसा घासणं कमी करा, कॉलर-कफ सोडून बाकी कपड्याला ब्रश लागतच नाही. मात्र रात्रभर भिजवू नका, रंग उतरतो आणि वास धरतो.

साबणाचं म्हणाल तर हल्लीच्या बऱ्याच पावडरी आणि लिक्विडमध्ये एन्झाइम, म्हणजे मळ तोडणारे घटक, असतात, ते गार-कोमट पाण्यात काम करतात, कढत पाण्यात उलट निकामी होतात. पण प्रोटीन तोडणारे एन्झाइम रेशीम आणि लोकरही खातात, कारण ते धागेही प्रोटीनचेच, त्यासाठी वेगळं लिक्विड घ्या. पांढऱ्या कपड्यांना पावडर चांगली, तिच्यात बहुधा ऑक्सिजन ब्लीच असतं. रंगीत आणि गडद कपड्यांना लिक्विड, त्यात ते सहसा नसतं, शिवाय ते गार पाण्यात लगेच विरघळतं.

किती टाकायचं, तर पाकिटावर लिहिलंय तेवढं मोजून, आणि तेही मळ कमी असेल तर कमी. जास्त साबण म्हणजे जास्त स्वच्छ हा समज काही केल्या जात नाही. तो नीट निघत नाही, कपड्यात बसतो, कपडा कडक होतो, पांढरा असेल तर राखाडी दिसायला लागतो, वर त्या थराला मळ चिकटतो. पाणी जड असेल तर मात्र थोडा जास्त लागतो, कारण त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचा काही भाग वाया घालवतं. फेस किती आला यावरून काहीच ठरवू नका.

गरम पाणी कधी लागतंच: घरात कोणी आजारी असेल त्याचे कपडे-चादरी, पायाला बुरशीचं इन्फेक्शन असलेल्याचे मोजे, धुळीतल्या माइट्सची (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) ॲलर्जी असेल तर चादरी आणि उशीचे अभ्रे. इथे ६० अंश. पर्यावरणाच्या नावाखाली इथे गार पाण्याचा हट्ट धरू नका.

मशीन किती भरायचं? सुती रोजचे कपडे असतील तर भरपूर, फ्रंटलोडच्या ड्रममध्ये वर एक तळहात आडवा जाईल एवढी जागा सोडा. चेन लावा, बटणं उघडी ठेवा, कपडे उलटे करा, खिसे तपासा. गडद आणि पांढरे वेगळे, आणि जाड जीन्सबरोबर पातळ कपडे नकोत, जीन्स त्यांना घासून काढते.

पॉलिएस्टर, ॲक्रिलिक, नायलॉन धुताना पाण्यात प्लास्टिकचे बारीक धागे जातात हे आता बहुतेकांनी ऐकलंय. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त धागे सुटू शकतात असा अंदाज निघाला होता. पण यातली कामाची गोष्ट पुढची आहे. न्यूकॅसल विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवलं की 'डेलिकेट' प्रोग्रामने हे कमी न होता वाढतं, कारण त्यात कपड्यांच्या मानाने पाणी भरपूर असतं आणि तेच पाणी धाग्यांतून तुकडे ओढून काढतं. म्हणजे सिंथेटिक कपडे नाजूक नसतील तर भरलेला ड्रम, कमी पाण्याचा साधा प्रोग्राम, गार पाणी. आणि अर्थात कमी वेळा.

६. सॉफ्टनर, व्हिनेगर, सोडा, ब्लीच

सॉफ्टनर लागत नाही. तो धाग्यावर थर देतो, त्यामुळे टॉवेल पाणी शोषत नाही आणि व्यायामाचे कपडे घाम. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फसफसतं, बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं जवळपास नुसतं खारट पाणी. नेहमी नेहमी व्हिनेगर टाकलं तर मशीनचं रबर खराब होऊ शकतं.

आणि हे मात्र नीट वाचा: क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही. लोकर-रेशमावर क्लोरीन ब्लीच टाकलं तर धागाच विरघळतो.

७. वाळवणं

मशीन थांबलं की लगेच काढा. तासन्तास आत राहिलेला ओला गोळा वास धरतो आणि मग परत धुवावा लागतो, म्हणजे आतापर्यंत वाचवलेलं सगळं पाण्यात. दार उघडं ठेवा, रबराची घडी पुसा, फिल्टर अधूनमधून साफ करा, आणि सगळी धुणी गार पाण्यात होत असतील तर महिन्यातून एकदा मशीन रिकामं ठेवून गरम पाण्यावर फिरवा नाहीतर आत चिकट बुळबुळीत थर साठतो.

दोरीवर घालायच्या आधी कपडा जोरात झटका, शिवणी आणि कॉलर हाताने ताणून सरळ करा, इस्त्री निम्मी कमी होते. शर्ट हँगरवर. विणलेले स्वेटर आडवे पसरून, टांगले तर स्वतःच्या ओल्या वजनाने लांब होतात. गडद कपडे उलटे करून सावलीत. पांढरे सुती उन्हात छान निघतात, पण पांढरं रेशीम, लोकर आणि नायलॉन उन्हात पिवळं पडतं. घरात वाळवत असाल तर दोन कपड्यांमध्ये जागा सोडा आणि खिडकी किंवा पंखा चालू ठेवा, नुसत्या बंद खोलीत भिंतींना बुरशी येते.

ड्रायर वापरायचाच असेल तर आधी स्पिन जोरात द्या, फिरवून पाणी काढणं हे तापवून उडवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. आणि थोडा ओलसर असतानाच काढा.

८. ठेवताना कसर

लोकर आणि रेशीम ठेवून देण्याआधी धुतलंच पाहिजे, इथे 'कमी धुवा' लागू नाही. कसरीच्या अळ्या प्रोटीनचे धागे खातात आणि घामाच्या, सांडलेल्याच्या डागाजवळ आधी लागतात. पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत. डांबरगोळ्या मी वापरत नाही, नॅफ्थलीनची वाफ श्वासात जाणं चांगलं नाही आणि तो वास घालवायला परत धुणंच आलं. कसर लागलीच असेल तर कपडा पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. जीन्सला न चालणारी युक्ती इथे चालते, अळ्या आणि अंडी त्या थंडीत मरतात.

९. दुरुस्तीची टोपली

ही तिसरी टोपली, धुण्याच्या टोपलीशेजारीच. उसवलेला कपडा धुवायच्या आधी शिवायचा, नंतर नाही, मशीनमध्ये दोन इंचाची उसवण चार इंचाची होते.

शिवणकाम येत नसेल तरी चार गोष्टी एका संध्याकाळी शिकता येतात: बटण लावणं, उसवलेली शिवण उलटी टीप मारून पक्की करणं, खालची दुमड घालणं, आणि विरायला लागलेल्या जागी आतून कापडाचा तुकडा ठेवून धावदोरा घालणं. ही शेवटची भोक पडायच्या आधी करायची. उजेडासमोर कपडा धरला की कुठे विरलाय ते दिसतं, जीन्सला मांड्यांमध्ये आणि शर्टाला कोपरावर बघा. रफू जमायला वेळ लागतो, त्यासाठी चांगला रफूवाला सापडला तर त्याला सोडू नका. स्वेटरवरचे गोळे ओढून काढू नका, धागाही येतो, सपाट पसरून गोळे काढायच्या मशीनने कापा. अडकणाऱ्या धातूच्या चेनवर मेणबत्ती घासा.

टोपली भरली की शिवायला बसा असं ठरवलं तर ती कायम भरलेलीच राहते. दिवस ठरवा, आणि त्या दिवशी जे शिवायचा तुम्हाला अजिबात उत्साह नाही तो कपडा नीट बघा, बहुतेक वेळा तो घालायचाही उत्साह नसतो. तो चांगल्या अवस्थेत असतानाच कोणाला तरी द्या. अगदीच विरलेला सुती असेल तर बटणं-चेन काढून घ्या आणि फडकी फाडा. पॉलिएस्टरची फडकी करू नका, पाणी पुसलं जात नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं.